एका मोसमात शिकवतो

पुलगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, आमचे हे मोठे फिटर होते. युगांडातल्या जिनवाल्याने त्यांना बिऱ्हाडासकट बोलावलं, तेव्हापासून माझं घरात चित्त ठरेना. भाजी करपली की सासूबाई म्हणायच्या, "सून चुलीपाशी, मन जहाजात." खोटं नव्हतं. मला जायचंच होतं.

जायच्या आधी ह्यांनी माझ्या धाकट्या भावाला सगळं काम शिकवलं. तो आमच्याकडेच राहायचा. जिनातली रीतच तशी होती, आपल्या जागी गडी तयार करून दिल्याशिवाय निघणाऱ्याला कोणी उस्ताद म्हणत नसे. पुलगावच्या मालकाने ह्यांच्या जागी भावाला नेमूनही टाकलं.

पूर्वी तिकडच्या मालकाची चिठ्ठी पुरायची. त्या वर्षी नियम बदलले. तिकडे जायच्या परवान्याची फी वाढली, ती त्या मालकाने भरली. पण मुंबईच्या कचेरीत साहेबासमोर उभं राहणं आलं. जे काम तिकडच्या माणसाला जमत नाही, त्यासाठीच बाहेरचा कारागीर घ्यायचा, असं ठरलं होतं. हे आम्हाला कोण सांगणार?

हे मुंबईला गेले आणि मी नुसती आत-बाहेर करू लागले. पोस्टमन गल्लीत वळला की मी दारात जाऊन उभी राहायचे. शेवटी पोस्टमन नाही, हेच आले. ट्रंक हातातच होती.

"काऊन परत आले?"

"साहेबानं इचारलं, हे काम तिथल्या मानसाले शिकवता येते का. म्या म्हनलं, काऊन नाई? कोनीबी द्या, एका मोसमात तयार करून देतो. साहेब हासला. मले वाटलं, काम झालं. पन त्यानं परवाना नाकारला."

मी कपाळावर हात मारून घेतला. "नाई येत म्हनाले असते तं जीभ झडली असती का?"

"शिकवता येत नाई म्हनू? मंग मी उस्ताद कायचा?"

असा राग आला होता, की ती ट्रंक उचलून विहिरीत टाकावी. पण खरी पंचाईत पुढेच होती.

भाऊ म्हणाला, "भाऊजी, तुमची जागा तुमी घ्या. मी सांगतो मालकाले."

"म्याच बसवलं तुले, अन् म्याच उठवू? नाई."

भावाने हट्ट धरावा असं मला वाटे, आणि धरू नये असंही वाटे. त्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं. सकाळी जिनाचा भोंगा वाजला की हे उठून बसायचे, आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळायचे.

एका सकाळी भोंगा झाला तसा ह्यांनी सदरा चढवला आणि भावाच्या हाताखाली कामाला गेले.

आधी मी दुपारी फाटकाशी पोचले की लांबूनच ओरडायचे, "मोठ्या फिटरचा डबा!" त्या दुपारी माझ्या हातात दोन डबे होते, आणि मी गप्प.

चौकीदाराने विचारलं, "बाई, मोठ्या फिटरचा कोनता?"

मी भावाचा डबा पुढे केला.