हिरवा ठिपका, तपकिरी जाकीट

"ब्यूटिफुल," डॅरन म्हणाला. लॅपटॉपच्या स्क्रीनवरचा एक लाल ठिपका नुकताच हिरवा झाला होता.

मेलबर्नच्या पूर्वेला दोन तासांवर असलेल्या एका जंगलाच्या कार पार्कमध्ये, घडीच्या टेबलाभोवती आम्ही उभे होतो. जून महिना, म्हणजे इथला हिवाळा. चार वाजून गेले होते आणि पाचच्या सुमारास सूर्य मावळणार होता. डॅरन म्हणजे माझा बॉस, कंपनीचा मालक. त्याच्या शेजारी हेलन. एका युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट सर्व्हिसेसची ती प्रमुख, आणि आमचं अ‍ॅप घ्यायचं की नाही हे ठरवायला आलेली. डॅरनने तिला हिरव्या ठिपक्याचा अर्थ समजावला. हृषीकेश नावाचा विद्यार्थी ठरल्या वेळेला परतला नाही. अ‍ॅपने ते स्वतःहून ओळखलं आणि त्याच्या माणसांना कळवलं. हेलनने समाधानाने मान हलवली. कुणीतरी कॉफीचा थर्मास उघडला.

मुलगा सापडलेला नव्हता. पण चेहरे सापडल्यासारखे होते.

माझं काम टेस्टरचं. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर वापरून बघायचं, कुठे चुकतं ते शोधायचं आणि लिहून ठेवायचं. या लेखी तक्रारीला आमच्यात तिकीट म्हणतात. तिकीट काढलं की कुणीतरी चूक दुरुस्त करतं, किंवा दुरुस्त न करता तिकीट बंद करतं. दुसरी पद्धत जास्त वेगवान आहे.

हे अ‍ॅप मूळचं शिकाऱ्यांचं. इथे परवाना काढून सांबराची शिकार करता येते. कुठल्या जंगलात मुभा आहे त्याचा नकाशा, वाऱ्याची दिशा, सूर्यास्ताची वेळ, असं सगळं त्यात होतं. सर्वांत उपयोगाचं म्हणजे चेक-इन. निघताना परतायची वेळ टाकायची. त्या वेळेपर्यंत 'मी ठीक आहे' हे बटण दाबलं नाही, तर तुम्ही ज्याचा नंबर दिला असेल त्या माणसाला मेसेज जातो. त्या माणसाला इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणतात. साधी, शहाणी कल्पना. शिकारी खूश होते. फक्त शिकारी फार नव्हते.

विद्यार्थी मात्र होते. कोविडनंतर सीमा पुन्हा उघडल्यावर त्यांची अशी रीघ लागली होती की मेलबर्नच्या ट्रुगानिना या उपनगरात एकेका घरात सहा-सहा जण राहत होते आणि सातवा हॉलमधल्या सोफ्यावर. या मुलांची आपण किती काळजी घेतो हे प्रत्येक युनिव्हर्सिटीला ब्रोशरमध्ये छापायचं होतं. डॅरनने ते हेरलं आणि तीन आठवड्यांत शिकाऱ्यांचं अ‍ॅप विद्यार्थ्यांचं करा असं सांगितलं.

हे काम शंतनूकडे गेलं. शंतनू आमचा प्रॉडक्ट मॅनेजर, कोथरूडचा, हुशार मुलगा. त्याने बंदुकीचं चित्र हटवून तिथे कोआला बसवला. आतल्या प्रश्नांना हात लावायला वेळ झाला नाही. त्यामुळे बागेत फिरून आलेल्या एमबीएच्या मुलींना अ‍ॅप आधी विचारायचं, 'बंदूक रिकामी केलीत का?' आणि मग, 'आज काय मिळालं?' एकीने त्या चौकटीत लिहिलं होतं, 'दोन असाइनमेंट, दोन्ही जखमी.'

मग जाकिटं आली. पायलटला, म्हणजे खऱ्या जागी घ्यायच्या पहिल्या चाचणीला, वीस विद्यार्थी येणार होते. मार्केटिंगने त्यांना कंपनीची जाकिटं भेट दिली. रंग मातकट तपकिरी. मी शंतनूला म्हटलं, अरे, हा सांबराचा रंग आहे. शिकारी एकमेकांना दिसावेत म्हणून नारिंगी घालतात, हे आपल्याच अ‍ॅपच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

"काका, तो अर्दी टोन आहे," शंतनू म्हणाला. काम काढून घ्यायचं असलं किंवा गप्प करायचं असलं की तो मला काका म्हणतो. "आणि आपल्याला शिकाऱ्यांची इमेज सोडायचीये ना आता."

इमेज सुटली. जंगल मात्र तेच घेतलं, कारण आमचे नकाशे तिथलेच चांगले होते.

हिरव्या ठिपक्याबद्दलही मी महिनाभर आधी तिकीट काढलं होतं. त्याची हकीगत सांगायला हवी. माझी पत्नी सुमेधा गेल्याला तेव्हा आठ महिने झाले होते. तिचा फोन मी बंद केला नव्हता. पलंगाशेजारच्या टेबलावर तो चार्जरला लावलेला असे. चाचणीसाठी इमर्जन्सी कॉन्टॅक्ट टाकायची वेळ आली तेव्हा मी सवयीने तिचा नंबर टाकला. मग मुद्दाम वेळ टळू दिली. ऑफिसातल्या स्क्रीनवर ठिपका लाल झाला आणि लगेच हिरवा. खाली अक्षरं उमटली, 'तुमच्या माणसाला कळवले आहे.'

मी ते वाक्य बराच वेळ बघत बसलो. मग तिकीट लिहिलं. मेसेज फोनपर्यंत पोचला एवढंच अ‍ॅपला कळतं. तो वाचायला कुणी आहे का, हे कळत नाही. समोरच्या माणसाने उत्तर दिल्याशिवाय ठिपका हिरवा करू नये. कारण म्हणून मी 'फोनजवळ कुणी नसल्यास' असं मोघम लिहिलं. शंतनूने 'एज केस' असा शेरा मारून तिकीट बंद केलं. एज केस म्हणजे क्वचितच घडणारी गोष्ट, जिच्यासाठी वेळ घालवायचा नसतो.

तर, कार पार्कमध्ये ठिपका हिरवा होता. मी शंतनूला हृषीकेशने कोणाचा नंबर दिलाय ते विचारलं. भारतातला होता.

"आईबाबा असतील," तो म्हणाला. "ते करतीलच फोन."

"कोणाला?"

मी त्या नंबरवर फोन लावला. पूर्ण रिंग वाजली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. बाकीची मुलं परतून बसमध्ये बसली होती. त्यांच्यातून हृषीकेशच्याच घरात राहणाऱ्या मृण्मयीला खाली बोलावलं आणि नंबर दाखवून विचारलं, त्याच्या बाबांचा का.

"नाही काका. त्याचाच आहे."

"त्याचाच म्हणजे?"

"इंडियाचं सिम. बँकेचे ओटीपी येतात ना, म्हणून जुन्या फोनमध्ये टाकून ठेवलंय. किचनच्या ड्रॉवरमध्ये असतो. आमच्याकडे सगळ्यांचे तिथेच असतात."

"आईचा नंबर का नाही दिला?"

तिने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "आईला मेसेज गेला असता ना."

म्हणजे ट्रुगानिनातल्या एका स्वयंपाकघरात, चमच्यांच्या शेजारी, हृषीकेश हरवल्याची बातमी हृषीकेशला व्यवस्थित पोचली होती. मी मृण्मयीला तिने कोणाचा नंबर दिलाय ते विचारलं. तिने आपल्या बुटांकडे पाहिलं.

मी डॅरनला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने हेलनकडे नजर टाकली आणि दहा मिनिटं थांबू या, मेट, असं म्हणाला. मी थांबलो नाही. पोलिसांना फोन केला. फोनवरची बाई शांत आणि कामाची होती. गाडी निघते आहे, पण तुमच्यापर्यंत यायला तास लागेल, असं तिने सांगितलं. तासाभरात काळोख झाला असता.

आता आमच्याकडे काय होतं, ते मी पाहू लागलो. रेंज जाण्यापूर्वी हृषीकेशचा फोन शेवटचा दिसला तो एका ओढ्याच्या वळणावर. अ‍ॅपमधली शिकाऱ्यांची जुनी बाजू कुणी बंद केली नव्हती, कारण कुणाला आठवली नव्हती. ती उघडली. त्याच ओढ्याच्या वरच्या डोंगरधारेवर एक शिकारी सकाळी चेक-इन करून बसला होता. नाव ग्रॅहम. परतायची वेळ सहा. शिकारीला मुभा सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते, आणि त्या शेवटच्या उजेडात सांबर पाण्याशी उतरतं. तपकिरी जाकीट घातलेला मुलगा नेमका पाण्याशी होता.

ग्रॅहमच्या फोनलाही रेंज नव्हती. मी त्याचा इमर्जन्सी कॉन्टॅक्ट पाहिला. लिन, पत्नी.

"तो नंबर तुला वापरता येणार नाही," डॅरन हळू आवाजात म्हणाला. "प्रायव्हसी ब्रीच आहे, मेट."

"हो," मी म्हटलं आणि फोन लावला.

दुसरी रिंग पूर्ण व्हायच्या आत उचलला गेला. "काय करून ठेवलंय त्याने?" बाईने विचारलं. हॅलो नाही, कोण बोलतंय नाही.

ग्रॅहम ठीक आहे, असं मी आधी सांगितलं. मग मुलाबद्दल सांगितलं, ओढ्याबद्दल सांगितलं, जाकिटाबद्दल सांगितलं.

"तपकिरी?"

"हो."

"हरणाच्या जंगलात. कुठल्या गाढवाने दिलं?"

मी डॅरनकडे पाहिलं. "आमच्या कंपनीने," मी म्हटलं.

फोन ठेवू नकोस, असं तिने बजावलं. ग्रॅहमजवळ उपग्रहावरून मेसेज घेणारं एक छोटं यंत्र होतं. ते तिनेच घेऊन दिलं होतं आणि ते बंद असलेलं तिला चालत नसे. ती दुसऱ्या हाताने लिहू लागली. लिहिता लिहिता ती मला सांगत होती की गेल्या वर्षी तो चाळीस मिनिटं उशिरा आला तेव्हा तिने त्याला जेवायला काय वाढलं, म्हणजे काय वाढलं नाही. मी हूं हूं करत होतो. हेलन माझ्याजवळ येऊन उभी होती. थर्मास कुणीतरी बंद केला होता.

उत्तर यायला सात-आठ मिनिटं लागली असतील. लिनने ते वाचलं आणि एकदम मवाळ आवाजात मला सांगितलं. खाली नेच्यांच्या झुडपात काहीतरी तपकिरी हलताना ग्रॅहमला दिसत होतं. ते नीट बाहेर येईल म्हणून तो वीस मिनिटं वाट पाहत बसला होता. आता त्याने गोळ्या काढून ठेवल्या आहेत आणि तो हाका मारत खाली उतरतो आहे.

पोलीस पोचले त्याच सुमाराला ते दोघे झाडांतून बाहेर आले. हृषीकेश लंगडत होता. अंगात ग्रॅहमची नारिंगी बंडी, त्याच्या मापापेक्षा बरीच मोठी. पाय मुरगळला होता. फोन कधीच मेला होता, कारण आमचं अ‍ॅप दर काही सेकंदांनी त्याची जागा तपासत होतं आणि तेवढ्यात बॅटरी संपली होती. ग्रॅहम हा साठीचा, अबोल माणूस. त्याने डॅरनकडे पाहिलं, हातातलं तपकिरी जाकीट टेबलावर ठेवलं आणि तो आपल्या गाडीकडे गेला. त्याला घरी पोचायला उशीर होत होता.

हृषीकेशने मला पहिला प्रश्न विचारला, "काका, घरी नाही ना कळलं?"

मी त्याला रागावलो. कार पार्कभर ऐकू जाईल असा रागावलो. कित्येक महिन्यांत माझा आवाज इतका चढला नव्हता. मलाच तो परका वाटला. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग मी माझा फोन त्याच्या हातात दिला आणि आईला लाव म्हणून सांगितलं. पलीकडून आलेला आवाज स्पीकरशिवाय आम्हा सगळ्यांना ऐकू आला. संगमनेरहून आला होता, पण रेंज उत्तम होती.

पुढचं थोडक्यात. हेलनच्या युनिव्हर्सिटीने करार केला. एका खऱ्या मुलाची खरी सुटका झाली, याहून चांगला पुरावा कोणता, असं तिचं मत पडलं. डॅरनने ते वाक्य ब्रोशरमध्ये घेतलं. त्याच आठवड्यात मला प्रायव्हसीचा नियम मोडल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती मी जपून ठेवली आहे. मराठीत तिचं भाषांतर नीट होत नाही. शंतनू माझ्या टेबलाशी आला, तिकिटाचा नंबर विचारून घेतला, मग जागेवर जाऊन त्याने माझं जुनं तिकीट पुन्हा उघडलं. या वेळी काका म्हणाला नाही. आता समोरच्या माणसाने उत्तर दिल्याशिवाय ठिपका हिरवा होत नाही, आणि स्वतःचा नंबर दिला तर अ‍ॅप तो घेत नाही. जाकिटं नारिंगी झाली. कंपनीचे रंग ठरवणारी ब्रँड गाइडलाइन त्यासाठी बदलावी लागली.

विद्यार्थ्यांनी यावरही उपाय काढला. आईचा नंबर द्यायचा नाही, स्वतःचा चालत नाही. मग ट्रुगानिनातल्या त्या घराने माझा दिला. मला न विचारता. नंतर शेजारच्या घराने दिला. आता शनिवारी दुपारी माझा फोन वाजतो. अमुक मुलगी तमुक धबधब्यावरून परतलेली नाही. मी फोन लावतो. बहुतेक वेळा ती पार्किंगमध्ये फोटो काढत असते आणि बटण दाबायला विसरलेली असते. मी रागावतो. ती सॉरी काका म्हणते आणि पुढच्या वेळी पुन्हा विसरते.

एवढ्या अनुभवातून मी नवीन मुलांना एकच सांगतो. इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून काळजी करणाऱ्या माणसाचा नंबर देऊ नका. तो नुसती काळजी करत बसेल. उशीर झाला तर तुमच्यावर ओरडेल अशा माणसाचा द्या. शंतनूला हे पटतं, पण तो म्हणतो, हे स्केल होणार नाही, म्हणजे हजारो लोकांसाठी असं करता येणार नाही. त्याचं बरोबर आहे. एका वेळी एकाच माणसावर नीट ओरडता येतं.