आप्पांना खोडता न आलेलं वाक्य

एखाद्या वाक्यावर आम्ही सगळे एकदम हसलो की आप्पा ते खोडून टाकत. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. शिरूरला माझ्या घरी बसून आम्ही चौघं एका वाहिनीसाठी विनोदी मालिका लिहायचो. हशा ओसरला की आप्पा पेन्सिलीनं सरळ रेघ मारत आणि म्हणत, "पहिलं सुचलं ते समद्यांनाच सुचतं. पुढचं बघा." त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना खोडरबर म्हणायचो.

आप्पा वरवंडचे, तिथल्याच शाळेत क्लार्क. दर रविवारी न्हावऱ्यावरून एसटीनं यायचे. आमच्या एकांकिका पाहून मुंबईच्या निर्मात्यानं हे काम दिलं होतं. आधी भागाची गोष्ट तोंडी रचायची, मग सीन वाटून घ्यायचे. लिहून झालं की आप्पा सगळ्यांचे संवाद मोठ्यानं वाचत. कानाला खटकलं की थांबत. "हे कागदाचं बोलणं हाय, माणसाचं न्हाई."

एकदा गॅरेजमधला सीन काही केल्या जमेना. तेव्हा आप्पांनी आपल्या थोरल्या भावाची नक्कल करून दाखवली. भावाचं हायवेला पंक्चरचं दुकान होतं. बोलताना शब्द अडकला की तो "म्हंजी व्हय" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. आप्पा ते इतक्या मायेनं करत होते, की आम्ही हसता हसता तो पंक्चरवाला तसाच सीनमध्ये घेतला. ते वाक्य मात्र त्यांनी खोडलं नाही.

निर्मात्याला पंक्चरवाला फार आवडला. तो प्रत्येक भागात हवा, अडखळणं आणखी हवं, असा निरोप आला. मालिका लिहिणारे आप्पा आहेत हे वरवंडला सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं पंक्चरवाला कोण हेही लपलं नाही. पोरं चाकात हवा असतानाही दुकानासमोर गाड्या थांबवायला लागली. भाऊ अडखळला की सगळी मिळून त्याचं वाक्य पुरं करायची. हळूहळू भावानं बोलणंच सोडलं. गिऱ्हाइकाला खुणेनं सांगायचा.

हे आम्हाला सांगताना आप्पांनी पुढ्यातला चहा तसाच गार होऊ दिला. "घरात मुक्यावानी जेवतो," ते म्हणाले. "मी त्याचा आवाज इकला."

आम्ही पंक्चरवाल्याला लेकीकडं कायमचा राहायला पाठवणारा सीन लिहिला. निर्मात्यानं तो परत केला. लोक त्याच्यासाठीच मालिका बघतात, असं त्यानं फोनवर सांगितलं. मग लिहिणारा दुसरा बघा, एवढं बोलून आप्पांनी फोन ठेवला. पुढं निर्मात्यानं मुंबईतच नवी टीम बसवली. पंक्चरवाला चालूच राहिला.

वर्षभरानं सोलापूरला एका लग्नाला जाताना मी वरवंडला आप्पांच्या भावाच्या दुकानापाशी थांबले. सुट्टीचा दिवस होता. भाऊ आत पाण्यात ट्यूब बुडवून बसला होता आणि दाराशी खुर्ची टाकून आप्पा. गाडी थांबली की तेच उठून जायचे, काय झालंय ते विचारायचे आणि आत येऊन भावाला हळूच सांगायचे. दोन पोरं आत डोकावायला लागली, तर आप्पा दारात आडवे उभे राहिले.

काही लिहिताय का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. भाऊ तुमच्याशी तरी बोलतो का, हेही विचारलं.

"दुकानात कोण नसलं की बोलतो थोडं," आप्पा म्हणाले. मग रस्त्याकडं बघत सावकाश म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण तुम्ही निघा आता. तुम्ही हाय तवर तो बोलायचा न्हाई."

मी चहाही न घेता निघाले.