वालाची पट्टी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या वहिनीचे आहेत. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो तिने खांदा कॉलनीत दारोदार विकलेल्या भाजीवर. रासायनिक खत नाही, औषध नाही, म्हणून सोसायटीतल्या बायका तिची वाट बघायच्या. शेणखतासाठी ती गावातल्या गोठ्यांतून पाट्या भरून आणायची.

मग आजूबाजूची शेतं विकली गेली, त्यांत भराव पडले. त्यांची धूळ आमच्या पालकावर बसू लागली. "मावशी, भाजीबरोबर माती फुकट का?" एक बाई हसत म्हणाली. हळूहळू गिऱ्हाईक तुटलं. दादाने म्हशी घेतल्या. दुधावर धूळ बसत नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वाफे मोडून तिथे तबेल्याचं काँक्रीट झालं. नोकरीवरून रविवारी घरी यायचो तेव्हा दर वेळी हिरवं थोडं कमी दिसायचं.

वहिनीने एकच मागितलं. भात कापल्यावर बांधालगतची एक पट्टी वालासाठी ठेवा, बाकी सगळं घ्या. दादा कबूल झाला.

यंदा वाल वीतभर वाढला होता. तेवढ्यात शेजारच्या भरावाने नाला बुजला आणि तबेला धुतलेल्या पाण्याला वाट उरली नाही. दादाने पाइप त्या पट्टीत सोडला. रागाने नाही. पिकाचं भलंच होईल असं त्याला खरंच वाटलं.

"शेणासाठी गाव पालथा घालायचीस ना गो? घे, दारात आलंय!"

"वाल पाणी मागत नाय," वहिनी म्हणाली. "भाताची ओल राहते तेवढ्यावर होतो. शेतकऱ्याचे पोर तुमी, तुमाला मी सांगू?"

"बघ तर खरी, कसा फोफावतो!"

मुळं कुजली. पट्टी पिवळी पडली, मग काळी. वहिनी भांडली नाही. जासईला माहेरी निघून गेली. फोन उचलत नव्हती, म्हणून मी पत्र पाठवलं.

"वहिनी,

साष्टांग नमस्कार. दादा रोज मला फोनवर तुझ्याबद्दल विचारतो, पण जासईला येण्याची त्याची हिंमत होत नाही. तू परत ये, असं मी लिहीत नाही. तो हक्क मला नाही.

काल दादाने पट्टीवर भराव टाकून घेतला. तिथे वैरणीची शेड होणार आहे. मी अडवलं. तो म्हणाला, पाणी साचतं, डास होतात, दुसरं काय करू ते तू सांग. मला काहीच सांगता आलं नाही. हे तुला गावातल्या कुणाकडून कळू नये, म्हणून मीच कळवतो आहे. आता पेरायला आपल्याकडे जागा उरलेली नाही.

तू मला शिकवलंस. त्या शिक्षणाचा तुला काही उपयोग झाला नाही.

जेवत जा.

तुझा धाकटा दीर"