खुंटीवरचा एप्रन

डॉक्टरसाहेबांनी एप्रन माझ्या अंगावर फेकला. हातात दिला नाही, फेकला. बालाघाटच्या त्यांच्या दवाखान्यात, बसलेल्या पेशंटांसमोर.

"धुऊन, इस्त्री करून उकव्याच्या दवाखान्यातल्या खुंटीला टांग. परवा तिथं सरकारी तपासणी आहे. तुला जमत नसेल तर आईला दे. आमच्या बंगल्यावरचे कपडे ती छान धुवायची."

दोघंतिघं हसले. मीही डॉक्टरच होते. तरी एप्रन खाली पडू नये म्हणून मी तो झेलला. त्या झेलण्याची मला अजून किळस येते.

एप्रन त्यांच्या मुलाचा; तपासणीआधी बघायला त्यांनी तो माझ्याकडून मागवून घेतला होता. त्याची आणि माझी नेमणूक एकाच ठिकाणी, उकव्याच्या सरकारी दवाखान्यात. जंगलभागात नोकरी केली की स्पेशालिस्टच्या शिक्षणासाठी जादा गुण मिळतात. नियम चांगला आहे. पण हा पठ्ठ्या बालाघाटात एसीत बसून अभ्यास करायचा आणि उकव्यात खुंटीवर टांगलेला त्याचा एप्रन नोकरी करायचा. कुणी विचारलं तर सांगायचं, साहेब आत्ताच व्हिजिटला गेले. गावातले लोक त्याला एप्रनसाहेबच म्हणत. चेहरा कुणी पाहिलाच नव्हता.

बाळंतपणं मी करायची. पुस्तक उघडलं की पुढची बाई दारात. आम्हा दोघांनाही स्त्रीरोगाचीच सीट हवी होती, आणि सीटा मोजक्या.

"तपासणीत तो रोज येतो म्हण," साहेब म्हणाले, "तुझेही गुण अडणार नाहीत."

एप्रन घेऊन मी भरवेलीला घरी गेले. बाबा खाणीतून यायचे होते. माय अंगणात होती.

"कोनाचा हाय वं?"

"साहेबांच्या पोराचा."

"हौ? दे मंग इकडं."

तिनं सवयीनं पदर खोचला, बादली ओढली. मी डॉक्टर झाले तरी तिचे हात त्यांच्याच कपड्यांसाठी पुढे झाले. त्यांची नाही, स्वतःची शिसारी आली. मी बादलीतून एप्रन हिसकावला.

"काहून वं?"

"नाही धुवाचा, माय."

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "दूसरे डॉक्टर कहाँ हैं?" नर्सबाईंनी मान खाली घातली. मी तो मळका, चुरगळलेला एप्रन त्यांच्या टेबलावर ठेवला.

"हे आहेत. माणूस इथं एक दिवसही आला नाही."

"मॅडम, सोच लीजिए. आपका भी सिलेक्शन है."

"सोचूनच बोलून राह्यली."

त्यांनी दोन बोटांनी एप्रन बाजूला सारला आणि चहा मागवला.

मुलाला सीट मिळाली. माझे जादा गुण चौकशीत अडकले. चौकशी माझी! उद्या तो बायकांची पोटं उघडेल, आणि त्या बिचाऱ्या त्याला हात जोडतील. विचार आला की थुंकावंसं वाटतं.

दवाखान्यातली ती खुंटी मी उपटून टाकली आहे. तक्रार केली आहे, त्याच्या नावानिशी आणि माझ्या सहीनिशी. ती दाबली तर पुन्हा करीन. परीक्षेलाही पुन्हा बसेन. सीट मिळो न मिळो, त्यांचं काहीही आमच्या बादलीत आता भिजणार नाही.