पेरूची बदली

“एवढी शिकली, आन् घरात बसून पेरू बघते?”

कुंपणापलीकडून शेजारच्या काकू आईला विचारत होत्या. मी खिडकीच्या आत, लॅपटॉपसमोर.

“नुसती बघत नाही हो,” आई म्हणाली. “पेरूतल्या एका झाडाची बदली करायचीय त्यांना.”

“झाडाची बदली? कुठं, माणगावला?”

चूक माझीच होती. काम काय करतेस, असं आईने विचारलं तेव्हा मी घाईत तेवढंच सांगितलं होतं. पेरू हा देश आहे, तिथल्या अँडीज पर्वतात फार उंचावर वीतभर झाडं उगवतात, हे सांगायचं राहून गेलं. अशा झाडाला पहिल्यांदा नाव देतात तेव्हा त्याची एक वाळवलेली फांदी कागदावर चिकटवून जपून ठेवतात. पुढे कुणाला शंका आली की त्या कागदाशी ताडून बघायचं. आमच्या झाडाचा मूळ कागद फार पूर्वी आगीत जळाला. आता जुन्या कागदांतून त्याच्या जागी दुसरा नेमायचा होता. स्पष्टीकरणाला पाच-सहा वाक्यं लागली असती. सलग पाच-सहा वाक्यं मी कुणाशीच बोलत नाही.

त्यामुळे गावात मी पेरूवाली झाले. लोक किडके पेरू आणून दाखवू लागले. नाही म्हणायला बोलावं लागतं, म्हणून मी इंटरनेटवर शोधून औषध लिहून द्यायचे. दोन झाडं सुधारली, आणि मग तर बोर्लीच्या बाजारातून पिशव्या यायला लागल्या.

त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता मीटिंग होती. कागद नक्की करायचा होता. पुण्याचे सर, पेरूतल्या एक बाई, आणि मी. मीटिंग इंग्रजीत चालते. मी शाळेपासून इंग्रजीत शिकले, तरी तिथे माझा माइक बंदच असतो. सर विचारतात, मी “येस सर” टाइप करते. निवडीसाठी तीन कागद मी शोधले होते. सरांना त्यातला फुलाचा आवडला, कारण बाकीच्या दोन्हींवर नुसती सुकी फळं होती. फूल खरंच देखणं होतं.

पावणेसातला काकू ताटलीत पेरू घेऊन आत आल्या. त्या अबोलीच्या वेण्या करून बाजारात विकतात, आणि मलाही अबोलीच म्हणतात.

“काय गं अबोली, हाच का तुझा पेरू?” स्क्रीनवर त्या फुलाच्या कागदाचा फोटो होता, त्यावर त्या वाकल्या. “किती वाळलाय! पाणी घालीत न्हाय वाटतं कुणी.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. बोट अगदी काचेवर टेकवून म्हणाल्या, “ह्ये फूल ह्या देठाचं न्हाय.”

“काय?”

“ही कागदाची पट्टी मधेच कशाला लावलीय? जोड झाकाया. मोडक्या देठाला मी पन दुसरं फूल बांधते बाय. वर दोरा गुंडाळला की गिऱ्हाइकाला कळत न्हाय.” मग एकदम सावध होऊन, “आईला सांगू नको. ती माझ्याकडूनच घेते.”

मी चित्र मोठं केलं. पट्टीच्या खालचा देठ केसाळ होता, वरचा गुळगुळीत. दोन महिने मी तो कागद बघत होते. त्याचं वर्णनही मीच लिहिलं होतं.

तेवढ्यात मीटिंग सुरू झाली. हा कागद छापून गेला असता तर त्या झाडाचं नाव दोन झाडांच्या खिचडीला चिकटलं असतं, आणि पुढचे सगळे त्या खिचडीशीच ताडून बघत बसले असते. मी भराभर टाइप करू लागले. पण सर माझं वर्णन वाचून दाखवण्यात इतके रंगले होते की चॅटकडे त्यांचं लक्षच नव्हतं. पेरूतल्या बाई मान डोलावत होत्या. त्यांच्याकडे सकाळ होती, हातात कॉफीचा कप.

काकू दाराशीच थांबल्या होत्या. “सांगितलंस का?” त्यांनी मोठ्याने विचारलं.

मी मान हलवली. नाही.

“मग मी सांगू?” आणि त्या पदर खोचून कॅमेऱ्याच्या दिशेने निघालेल्या मला दिसल्या.

“कुणाची काही हरकत?” सर इंग्रजीत विचारत होते. “नाही ना? मग हाच कागद नक्की—”

मी माइक चालू केला. मनात नीट जुळवलेलं इंग्रजी वाक्य होतं, त्यात ‘आदरपूर्वक’ होतं, ‘कदाचित’ दोनदा होतं. काकूंची ताटली माझ्या खांद्याला लागली, एक पेरू घरंगळत कीबोर्डवर आला, आणि मी, जवळजवळ ओरडूनच, म्हणाले:

“सर, ह्ये फूल ह्या देठाचं न्हाय!”