तांड्याला विकलेली पोर

आईनं मला विकलं तेव्हा मी पालथीही पडत नव्हते. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षीचा हिवाळा होता तो. यात लपवण्यासारखं काही नाही. आमच्या खाडीकाठच्या गावांत ज्या बाईची मुलं जगत नसत, ती पुढचं मूल सुपात घालून कुणाला तरी विकायची. घेणारीनं सुपात मूठभर धान्य टाकायचं, मूल उचलून उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि चालतं व्हायचं. मग आईनं ते परक्याचं म्हणून उचलायचं आणि परक्याचं म्हणूनच वाढवायचं. तान्ही मुलं नेणारी सटवी यानं फसते, असा समज होता. मुलगी असेल तर हळदीच्या आधी धान्य परत करून, वर लुगडं देऊन तिला सोडवायची. न सोडवता मांडवात उभी केली तर तिचा संसार टिकत नाही, असं सगळ्या बायका छातीठोकपणे सांगत.

माझ्याआधीची दोन्ही भावंडं आईनं पुरली होती. बाकीच्या बायका शेजारणीला नाहीतर सुईणीला मूल विकत, पण माझी आई डोकेबाज. शेजारणीचं घर सटवीला ठाऊकच असणार, असा तिचा हिशेब. "ज्यांना उंबराच न्हाय, त्यांचा माग कुनाला लागत न्हाय," हे ती पुढे कितीतरी वर्षं अभिमानानं सांगायची. तिनं मला मिठाच्या तांड्यातल्या एका बाईला विकलं.

हा तांडा दिवाळीनंतर घाट उतरून आमच्या मिठागरांवर यायचा. लॉऱ्या सुरू झाल्या होत्या, पण घाटमाथ्यावरच्या आडगावांत अजून बैलांच्या पाठीवरूनच मीठ जायचं. ते यायचे सकाळी, खाडीलगतच्या खाजणावर धुकं असताना. आधी नुसत्या घंटा ऐकू यायच्या, चहूबाजूंनी, आणि बैल एकही दिसायचा नाही. टपालवाल्याच्या पायांना झोंबणारी आमची कुत्री तेव्हा पडवीखाली शिरून गप्प बसायची. मी आईच्या लुगड्याला धरून उभी राहायचे आणि धुक्यातून पहिलं शिंग कुठून निघतं ते बघायचे. या वेळी मला नेणार, असं मला दरवर्षी नव्यानं वाटायचं.

तांडा माळावर उतरला की ती बाई एकटी आमच्या अंगणात यायची. तिच्या ओढणीवर बारीक आरसे होते आणि त्या प्रत्येकात माझा एकेक तुकडा दिसायचा, कुठे डोळा, कुठे हनुवटी. ती मला पडवीच्या खांबाला पाठ टेकवून उभी करायची. तळहात माझ्या डोक्यावर आडवा धरायची, मग तो हात त्याच उंचीवर ठेवून बाजूला व्हायची आणि हाताखालच्या मोकळ्या जागेकडे बघत राहायची. माझ्याकडे नाही, त्या जागेकडे. आई तिला नारळ आणि तांदूळ द्यायची. ती ते ओढणीत घ्यायची आणि निघून जायची. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून दोन वाक्यं ऐकली असतील तर शपथ.

आईचं वागणं याहून विचित्र होतं. कुणी मला नावाजलं की ती लगेच मोठ्यानं म्हणायची, "माजी न्हाय ती, तांड्याची हाय." पण बोलायची त्या माणसाशी नाही. दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे बघून बोलायची, तिथे कुणी कान देऊन बसलं असल्यासारखं. मग मीही त्या कोपऱ्याकडे बघायचे. तिथे काही नसायचं, तरी जेवताना माझी पाठ कधी त्या दाराकडे नसे. लहानपणी मला सटवीपेक्षा आईचा राग जास्त यायचा. एकदा तरी खोटंखोटं ‘माझी’ म्हणायला हिचं काय जातं, असं वाटायचं.

शाळेत मास्तरांनी फळ्यावर जगाचा नकाशा काढला आणि गवताळ प्रदेशांतून निघालेले बाण चहूकडे सोडले. ही भटकी माणसं घोड्यांवर बसून आली, सिंहासनं उलथली, त्यांच्या भीतीनं राजांनी भिंती बांधल्या, असं त्यांनी सांगितलं. आमच्याकडे येतात ते हेच का, असं मी विचारलं. वर्ग खिदळला, मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, ते नव्हेत, पण मोगल असोत की मराठे, दख्खनच्या फौजा तांड्यांच्या बैलांवरचं धान्य खाऊनच लढल्या. तांडा पोचला नाही तर वेढा उठायचा. घाटातली आपली वाटही बैलांच्या खुरांनी पडलेली, सरकारनं नंतर तिच्यावर खडी टाकली. मी मान डोलावली. त्या वाटेनं आपल्यालाही एक दिवस जावं लागेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पुढे लग्नानंतर अलिबागच्या वाचनालयात मी अशी पुस्तकं पुष्कळ वाचली. भटक्यांनी जगाचं काय नेलं याच्या याद्याच त्यांत होत्या. आपण त्यांच्या पाठीवर काय काय लादलं, हे कुणाला सुचलेलं दिसलं नाही, कारण लिहिणारे सगळे घरदार असलेले.

मी मोठी होत होते तोवर लॉऱ्या घाटमाथ्यावरच्या गावांतही पोचल्या आणि एका वर्षी तांडा आलाच नाही. पुढच्याही वर्षी नाही. धुकं मात्र यायचं, आणि आई अंगणात येऊन कान देऊन उभी राहायची. एकदा तिला घंटा ऐकू आल्या. खरं सांगायचं तर मलाही आल्या. धुकं उठलं तेव्हा खाजणावर बगळेसुद्धा नव्हते.

माझं लग्न ठरलं आणि आईचं अन्न तुटलं. सोडवायचं कुणाकडून? मिठाच्या लॉरीवाल्यांकडे ती निरोप देत सुटली. हळदीच्या दिवशी दुपारी फाट्यावर एसटी थांबली आणि ती बाई एकटीच उतरली. म्हातारी झाली होती. बैल विकले, माणसं धरणावर खडी फोडायला गेली, असं तिनं सांगितलं.

आईनं सूप पुढे केलं. त्यात बाईनं तेव्हा टाकले होते तसेच, मुद्दाम बाजारातून आणलेले जोंधळे, नवं लुगडं, नारळ. तिचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. बाईनं सुपाला हात लावला नाही.

"तू ही विकलीस तेव्हा माझी पण हिच्याएवढीच होती," ती म्हणाली. "घाट चढताना ताप आला. वर पोचायच्या आत गेली. वाटेत दगडाखाली ठेवली, तांडा थांबत नाही."

आईनं सूप खाली ठेवलं.

"तुमची सटवी उंबरा शोधत नाही, बाई. दूध पिणारं मूल शोधते. मी दरवर्षी बघायला यायचे, माझी आता किती उंच झाली असती."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला अंगणात उभं राहवेना. मी जिवंत आहे याची मला लाज वाटली. मांडवात बायका गाणी म्हणत होत्या, त्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं.

आईनं सूप उचललं आणि आत नेऊन ठेवलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात हळदीची वाटी होती. ‘माझी’ या ज्या एका शब्दासाठी ती इतकी वर्षं थांबली होती तो आता तिला कधीच म्हणता येणार नव्हता, आणि वर माझ्या संसाराचा घोर. मला ते कळत होतं, तिलाही कळत होतं.

"न्हाय सोडवीत मी," ती म्हणाली. "तुजी हाय. पयली हळद तूच लाव."

बाईनं वाटी हातात घेतली. मग तिनं माझ्या दोन्ही गालांना हळद लावली, माझ्या कानाशी वाकली आणि हलकेच हाक मारली. ते नाव माझं नव्हतं. मी ओ दिली.