अप्पांची सही

ती घटना आठवली की आजही माझी मान आपोआप खाली जाते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, माणसं किती खालच्या थराला जातात तेही पाहिलं. त्यातल्या कशानंही माझी झोप मोडत नाही. हे प्रकरण मात्र एका साध्या सहीचं होतं. त्यात कुणाला शिक्षा झाली नाही आणि कागदोपत्री ते केव्हाच बंद झालं.

मी तेव्हा बिदर जिल्ह्यातल्या एका गावी ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांचीही सांगणार नाही, कारण ती बहुतेक अजून तिथंच राहतात आणि बाजारात रोज एकमेकांच्या समोर येतात. मी स्वतः औराद तालुक्यातला. घरात मराठी, शाळाही मराठी. कन्नड बोलायला गल्लीत शिकलो, पण वाचायला-लिहायला शिकलो ते नोकरीसाठी, अक्षरशः घाम गाळून. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचा संबंध येणार आहे.

नगरसभेत निवडून आलेले सदस्य असतात, ते भांडतात आणि मतं टाकतात. त्याशिवाय काही सल्लागार समित्या असतात. गावातली मानाची माणसं बोलावून त्यांना उद्यानांबद्दल, स्वच्छतेबद्दल, बाजाराबद्दल मत विचारायचं, चहा-बिस्किट द्यायचं आणि सह्या घ्यायच्या. या समित्यांना अधिकार कसलाच नसतो. पण नगरसभेला एखादं काम उरकायचं असलं आणि लोकांच्या शिव्या खायच्या नसल्या, की 'समितीचीच शिफारस आहे' असं म्हणायला त्या फार उपयोगी पडतात.

आमच्या गावच्या बाजार सल्लागार समितीत सगळ्यांत वजनदार माणूस म्हणजे अप्पा. धान्याचे आडतदार, जुन्या शेतकरी घरातले, सत्तरी ओलांडलेले. कन्नड असं बोलत की धारवाडकडचा माणूसही ऐकत राहील. मराठीत थट्टा करत आणि मुसलमान गिऱ्हाइकाशी दखनीत भाव ठरवत. बसस्टँडच्या मागं पत्र्याच्या छपराखाली खेड्यापाड्यांतल्या बायका भाजी घेऊन बसायच्या. त्यांना अप्पांनी शब्द दिला होता, "म्या समितीत हाय तवर तुमच्या पत्र्याला कुणी हात लावणार न्हाई."

एके दिवशी सकाळी जेसीबी आला आणि ते छप्पर आडवं झालं. तिथं म्हणे दुकानांची नवी इमारत होणार होती. बायकांनी आरडाओरडा केला तेव्हा नगरसभेच्या माणसानं उत्तर दिलं की बाजार समितीचीच शिफारस आहे आणि पहिली सही अप्पांची आहे. त्या बायका तिथून उठल्या आणि अप्पांच्या आडतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. शिव्या नाहीत, घोषणा नाहीत, टोपल्या डोक्यावर घेऊन नुसत्या उभ्या.

दुपारी अप्पा ठाण्यात आले.

"इन्स्पेक्टर साहेब, सही माझी न्हाई," ते म्हणाले. "असल्या कागदावर म्या मेलो तरी सही करणार न्हाई. कुणीतरी माझी सही मारलीय."

"कुणावर संशय?"

"कुणावर म्हणू? हाफिसातलंच कुणीतरी असंल. तुमी शोधा."

मी ठाण्याच्या रायटरला, म्हणजे लिखापढी करणाऱ्या हेड कॉन्स्टेबलला, फिर्याद लिहून घ्यायला सांगितलं आणि दुसऱ्याच एका मोर्चाच्या बंदोबस्ताला निघून गेलो. इथं ठाण्यातली एक रीत सांगायला हवी. अंगठा उठवणारा माणूस आला की त्याची फिर्याद त्याला मोठ्यानं वाचून दाखवायची. सही करणारा आला की कागद त्याच्या पुढ्यात सरकवायचा आणि म्हणायचं, वाचून घ्या. कायद्यानं खरं तर फिर्याद प्रत्येकालाच वाचून दाखवायची असते. पण अप्पांसारख्याला वाचून दाखवणं म्हणजे त्यांचा अपमान, असं आम्ही सगळेच मानत होतो. अप्पांनी चष्मा लावला, वाचायला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ कन्नड कागदावर नजर फिरवली आणि सही केली. हे रायटरनं मला नंतर सांगितलं.

संध्याकाळी मी परत आलो आणि फिर्याद वाचली. त्यात संशयित म्हणून समितीच्या कारकून मुलीचं नाव होतं. अप्पांना मागाहून सुचलं असेल, असं मी धरून चाललो. रायटरनं वर माहिती दिली की नगरसभेतून फोन आला होता, फाईल त्या मुलीच्याच ताब्यात असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला बोलावून घेतलं.

पंचविशीची मुलगी. बौद्ध कुटुंबातली, घरातली पहिली पदवीधर, ठेक्यावरची नोकरी. तिची आई त्याच पाडलेल्या छपराखाली पालेभाजी विकायची. म्हणजे छप्पर गेलं त्यात तिचंच नुकसान होतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण नाव कागदावर आलं की आम्हा पोलिसांना त्या नावापलीकडचं दिसेनासं होतं. महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली.

"फाईल तुझ्याकडं असते?"

"व्हय साहेब."

"मग अप्पांची सही कुणी केली?"

"म्या केली न्हाई."

"मग कुणी?"

ती गप्प. मी आवाज चढवला, परत उतरवला, आमच्या सगळ्या नेहमीच्या युक्त्या केल्या. शेवटी म्हणालो, "अप्पांनी स्वतः तुझं नाव दिलंय."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "अप्पांनी? माझं?"

"लिहून दिलंय."

त्यानंतर ती एक अक्षर बोलली नाही. गुन्हेगार गप्प बसतो तेव्हा त्याचं डोकं आत जोरात चालू असतं, ते डोळ्यांत कळतं. हिच्या डोळ्यांत तसलं काही नव्हतं. तिला नुसतं लागलं होतं. मला ते दिसलं, तरी मी त्याचा अर्थ लावला नाही. मी तिला घरी सोडलं, पण नगरसभेनं त्याच दिवशी तिला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. ठेक्यावरची नोकरी एका तोंडी शब्दावर गेली.

अप्पांच्या नमुना सह्या घेऊन मी कलबुर्गीला तज्ज्ञाकडं पाठवल्या होत्या. उत्तर आलं की शिफारशीवरची सही त्यांचीच आहे, कुणी गिरवलेली नाही. आता माझं टाळकं फिरलं. एवढा मानाचा माणूस आणि ठाण्यात येऊन खोटं बोलतो? मी अप्पांना निरोप धाडला.

ते यायच्या आधी ठाण्याच्या फाटकाशी त्या मुलीची आई उभी होती. टोपली खाली ठेवलेली, त्यात वाळत चाललेली मेथी.

"साहेब," ती म्हणाली, "अप्पांनी माझ्या लेकीचं नाव कामून घेतलं? तिनं त्यास्नी काय कमी केलं?"

मी तिला काहीतरी बोलून वाटेला लावलं. अप्पा आल्यावर रागाच्या भरात तोच प्रश्न त्यांच्या अंगावर टाकला. "अप्पा, सही तुमचीच निघाली. आणि वर तुम्ही त्या पोरीचं नाव घेतलंत. तिची आई विचारायला लागलीय, कामून घेतलं?"

"कुण्या पोरीचं?" अप्पा गोंधळले. "म्या कुणाचंच नाव घेतलं न्हाई."

"तुमच्या फिर्यादीत आहे की! ही ओळ बघा."

मी कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि ओळीवर बोट टेकवलं. त्यांनी चष्मा लावला. मी बोट उचललं आणि त्यांनी स्वतःचं बोट ठेवलं, पण ते पडलं दोन ओळी खाली, आणि तिथून ते मोठ्या गंभीरपणे पुढं सरकत गेलं. ते बोट मी ओळखलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझं बोट असंच चुकीच्या ओळीवर फिरायचं आणि मी वाचल्याचं सोंग आणायचो.

मी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "अप्पा, कन्नड वाचता येत नाही?"

"बोलतो की," ते म्हणाले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शाळा उदगीरला झाली. मराठी वाचतो, मोडी बी वाचतो. कन्नड वाचायचं काम कधी पडलंच न्हाई. आन् नाव मोठं झाल्यावर कुणाला इचारायचं? बाबा रे, मला बाराखडी शिकव, म्हणून?"

"मग समितीचे कागद?"

"ती पोरगी वाचायची. बैठकीच्या आधी आडतीवर यायची, चा पेत पेत समदं मराठीत सांगायची. तिनं कधी कुणाला कळू दिलं न्हाई, साहेब. म्या तिला लेक म्हणतो." त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. "त्या टायमाला ती बहिणीच्या लग्नाला गेल्ती. हाफिसातला मोठा कारकून आला, म्हणाला, अप्पा, सफाईचंच हाय, नेहमीचं. म्या केली सही."

म्हणजे अप्पा खोटं बोलत नव्हते. छप्पर पाडायच्या कागदावर आपण सही केली नाही, अशीच त्यांची समजूत होती. मग फिर्यादीतलं नाव कुठून आलं? मी रायटरला आत घेतलं. तो म्हणाला, "साहेब, त्या मोठ्या कारकुनाचाच फोन होता. फाईल तिच्याकडंच असतीय म्हणाला. संशयिताचं नाव न्हाई तर केस उभी कशी राहायची? आन् ती त्या वस्तीतली. दुसरं कोण करणार?" हे तो माझ्या तोंडावर बोलला, आणि मला नवल वाटेल असं त्याला वाटलंही नाही. त्याची खातेनिहाय चौकशी नंतर लागली.

अप्पा ते ऐकत होते. आपण काय लिहून दिलं हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

ती मुलगी का गप्प बसली, याचं उत्तर मला आता मिळालं. स्वतःला वाचवायचं तर तिला एवढंच म्हणायचं होतं, अप्पांना वाचता येत नाही, त्यांना फसवून सही घेतली असेल. अप्पांनीच आपलं नाव दिलं असं ऐकूनही ती ते वाक्य बोलली नाही.

मी अप्पांना वाट काढून दिली. म्हणालो, 'सही गैरसमजातून झाली' एवढाच जबाब द्या. मी बी रिपोर्ट पाठवतो, गुन्हा घडलाच नाही म्हणून केस बंद होईल. वाचण्याचा विषय कुठंच येणार नाही.

"आन् पोरीची नोकरी?"

"त्याचं मी काय सांगू? लोक म्हणणार, काहीतरी असल्याशिवाय पोलिसांनी बोलावलं नसतं."

अप्पा उठले. "मंग तुमची वाट माझ्या कामाची न्हाई," म्हणाले.

पुढच्या बैठकीला बाजारातल्या वाहतुकीच्या निमित्तानं मलाही बोलावणं होतं. अध्यक्षांनी कार्यक्रमपत्रिका वाटली. अप्पा उभे राहिले आणि त्यांच्या त्या सुरेख कन्नडमध्ये म्हणाले, "मला कन्नड वाचता येत नाही. इतकी वर्षं मी तुम्हाला सल्ला दिला तो न वाचता दिला. ती सही माझी आहे. त्या पोरीनं काही केलेलं नाही. तिला बोलवा, नाहीतर मला घरी पाठवा."

कुणी कुणाकडं पाहीना. माझ्या शेजारच्या सदस्यानं हातातला कागद हळूच पालथा घातला. त्याला उर्दूशिवाय काही वाचता येत नव्हतं, हे मला नंतर कळलं. पलीकडच्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. आपण गावाला सल्ला देतो म्हणून मिरवणारी ती माणसं टेबलाकडं पाहत बसली होती, आणि त्या टेबलावरचे कागद त्यांच्यातल्या निम्म्यांना परके होते.

त्या मुलीला बोलावून आणलं. अप्पा म्हणाले, "वाच बाय. मोठ्यानं वाच, आन् मराठीत बी सांग." तिनं वाचलं. एरवी चहाचे कप निवायच्या आत संपणारी ती बैठक जेवणाची वेळ टळली तरी संपेना, कारण पहिल्यांदाच माणसं प्रश्न विचारत होती. तिला नोकरीवर परत घेतलं. मोठ्या कारकुनाची बदली झाली, त्याचं एवढंच झालं. छप्पर मात्र परत उभं राहिलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक ठाण्यात मी एक नियम पाळला. सही करणारा असो की अंगठा देणारा, प्रत्येकाची फिर्याद त्याच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवायची. काही मोठी माणसं रागावली. मी त्यांना रागावू दिलं.

एवढं करून मी माझ्या मनाची समजूत घातली होती. बदलीच्या आधी बाजारातून जाताना त्या मुलीची आई दिसली. मोडकी छत्री उघडून, त्याच जागेजवळ, उन्हात बसली होती. मी मेथीची जुडी घेतली आणि सहज विचारलं, "अप्पा तुमच्याशी बोलतात का आता?"

"येतेत की. बाजाराच्या दिशी येतेत, हितं उन्हात बसतेत जरा वेळ. लई शरमतेत." तिनं जुडी माझ्या पिशवीत घातली. "म्या म्हणते, असू द्या अप्पा, तुमाला वाचाया येत न्हवतं."

मी हसून मान हलवली आणि पैसे पुढं केले. ते घेता घेता ती म्हणाली, "तुमाला तर येत होतं न्हवं, साहेब? तुमी माझ्या लेकीचं नाव वाचलं, आन् खरं बी मानलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी पिशवी उचलली आणि मान खाली घालून ठाण्याकडं निघालो.